साखर नील्दोनं मोजली होती

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारच्या उन्हात, बसथांब्यावर शेजारच्या बाईनं सोड्याची बाटली उघडली आणि मी एका म्हातारीच्या मागं जाऊन उभा राहिलो. घडलं एवढंच. झाकण फिरल्याबरोबर फस्स असा आवाज झाला, बाटलीत बुडबुडे वर धावले आणि माझा हात आपोआप डोळ्यांवर गेला. बाटली प्लास्टिकची होती. फुटली असती तरी कुणाच्या केसाला धक्का लागला नसता. पण माझ्या पायांनी तेवढ्या वेळात सगळा विचार करून टाकला होता आणि सत्तरीची एक बाई माझ्यापुढं ढालीसारखी उभी केली होती. म्हातारीला वाटलं, मी तिला रांगेत पुढची जागा दिली. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं ती म्हणाली, आणि मी मान किंचित लववून ते घेतलं. न मागता पदरात पडलेलं चांगलं नाव परत करायची मला सवय नाही. बस आली, म्हातारी चढली, वळून तिनं मला हात केला. मी चढलो नाही. हात अजून कपाळाशीच होता आणि त्याला घाम आला होता.

मी रोसारियोच्या बंदरावर धान्य तपासतो. एकतीस वर्षं झाली. शेतांकडून सोयाबीनचे ट्रक येतात, मी शिडीवर चढून पोकळ सळई ढिगात खुपसतो, दाणे काढतो, यंत्रात घालतो आणि ओल किती ते कागदावर लिहितो. मी लिहिलं की ट्रक आत जातो किंवा परत फिरतो. ट्रकवाल्यांनी मला सिगारेटी देऊ केल्या, डुकराचा धुरावलेला पाय देऊ केला, एकानं तर मुलीच्या लग्नाचं आमंत्रण देऊ केलं, आणि मी फक्त लग्नाला गेलो. बंदरावर दोन माणसांत वाद झाला की म्हणतात, देल्फोरला विचारा, तो सांगेल तो आकडा. माणसांचंही मी असंच करतो, ही खोड आहे. कोण जेवणाला किती उशिरा येतो, कोण कितव्या पेल्याला रडायला लागतो, कुणाची बायको कोणत्या शब्दाला उठून स्वयंपाकघरात जाते, हे सगळं माझ्याकडं टिपलेलं असतं. वहीत नव्हे, डोक्यात. फक्त एका माणसाचं पान मी बरीच वर्षं उघडलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी खोटा आकडा एकदाच लिहिला, आणि तोही धान्याचा नव्हे. बिअरचा.

बिअर मी आणि माझा मेहुणा नील्दो मिळून करायचो. माझ्या बायकोचा, एदितचा, धाकटा भाऊ. तो सोडेवाला. त्याच्या वडिलांपासूनचा गाळा, त्यात सायफन, म्हणजे चाप बसवलेल्या सोड्याच्या जाड काचेच्या बाटल्या, भरायचं पितळी मशीन, आणि टेंपोत लाकडी खोक्यांतून सायफन घेऊन तो घरोघरी फिरायचा. आमच्याकडं जेवणाच्या टेबलावर सायफन नसला तर जेवण उरकलंय असं वाटत नाही. चाप दाबायचा, वाइनमध्ये सोड्याची धार सोडायची, मुलांनी एकमेकांच्या अंगावर उडवायचा. एवढा दाब घराघरात ठेवणारा माणूस म्हणून नील्दोला स्वतःबद्दल थोडी ऐट होती. भरलेला सायफन तो तळहातावर उचलायचा, मधल्या बोटाच्या पेरानं काचेवर टक् करून वाजवायचा आणि सांगायचा, हा चांगला, हा बाजूला ठेव. दाब मोजायचा काटा मशीनला होता, पण त्याच्याकडं तो बघायचा नाही. मी बघायचो. तो मला हसायचा. म्हणायचा, दाजी, बायकोला ताप आहे का नाही हेही तुम्हाला काट्यावरच कळत असेल. त्यामुळं बिअरचं काम आपोआप वाटलं गेलं होतं. उकळणं, थंड करणं दोघांचं. आकडे माझे. साखर आणि बाटल्या त्याच्या.

बाटल्या भरायचं काम दिसतं सोपं. यीस्टनं सगळी साखर खाल्ली की बिअर गप्प पडते. मग साखर मोजून, थोड्या पाण्यात उकळून तिच्यात घालायची, बाटल्या भरायच्या, दट्ट्याच्या यंत्रानं पत्र्याची झाकणं ठोकायची आणि वाट बघायची. तेवढीच साखर खाऊन यीस्ट तेवढाच वायू सोडतं, आणि तो बाटलीत कोंडला जातो. वीस लिटरांना एकशे तीस ग्रॅम. पण मुळात आधीची साखर संपलेली पाहिजे. ती संपली का नाही हे काचेचा एक काटा सांगतो, माशाच्या गळाला लावतात तसा तरंगणारा. साखर शिल्लक असेल तर तो उंच तरंगतो, संपत येईल तसा बुडतो. आमच्या बिअरला एक हजार दहावर थांबायला हवं होतं. सलग तीन दिवस तोच आकडा आला पाहिजे, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिला होता, खाली रेघ मारून.

त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, थंडी भारी होती. नदीवरून येणारा वारा अंगणातल्या खोलीच्या दाराखालून आत यायचा. वीस तारखेला मित्रदिन, त्या दिवशी या शहरात घरी जेवणारा माणूस म्हणजे एक तर आजारी किंवा भांडखोर. आणि क्लबातल्या लांब टेबलाला मी आमच्या वीस बाटल्या कबूल करून बसलो होतो. नील्दोनं नव्हे. मी. खाटीक फारियासनं चिडवलं होतं की तुमची बिअर म्हणजे नुसती बातमी, बाटली कधी दिसत नाही. एवढ्याशा टोमण्यानं. पाच तारखेला सकाळी मी काटा सोडला तर तो एक हजार वीसवर. आदल्या दिवशीही वीस. यीस्ट थंडीनं झोपलेलं होतं, मेलेलं नव्हतं, हे मला काय कळत नव्हतं? खोलीत शेगडी ठेवून आठवडाभर थांबायला हवं होतं. नील्दो बाटल्या धुऊन, उलट्या लावून, हात चोळत उभा होता. त्यानं विचारलंसुद्धा, दाजी, दोन दिवस थांबायचं का, हिचा वास अजून मला पिकलेला वाटत नाही. मी म्हणालो, आकडा मी वाचलाय. आणि वहीत लिहिलं: एक हजार दहा. लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. मी समजत होतो की खोट्या आकड्याला जास्त वेळ लागत असेल.

मग नील्दोनं साखर मोजली. गाळ्यातला तराजू त्यानं मुद्दाम आणला होता. एकशे तीस. चिमूटभर जास्त पडली ती त्यानं बोटांनी उचलून परत डब्यात टाकली. मित्रदिनाला बाटल्या उघडल्या तर कशालाच फेस नाही. फारियासनं पेला उजेडाला धरला आणि म्हणाला, अंत्यसंस्काराला छान आहे. सगळे हसले, मीही. उरलेल्या आठ बाटल्या नील्दोनं गाळ्याच्या मागच्या फळीवर ठेवून दिल्या. म्हणाला, राहू दे, मुरल्या तर मुरल्या. मी ऐकलं. त्या बाटल्यांत काय झोपलंय हे ठाऊक असलेला त्या टेबलावर मी एकटा होतो, आणि मी फारियासकडून पाव मागितला. थंडी होती. थंडीत माणसाला असं वाटतं की उन्हाळा दुसऱ्या कुणाच्या तरी गावाला येतो.

नोव्हेंबरात उन्हाळा लागला आणि एकदम छत्तीस अंश झाले. फळीवरचा पत्रा तापला. नील्दोनं एक बाटली उचलली, कशी झाली बघू म्हणून. तळहातावर घेतली, नेहमीच्या सवयीनं तिच्यावर टक् केलं, आणि ती फुटली. डाव्या हाताच्या दोन बोटांचे स्नायुबंध तुटले. डॉक्टरांनी जोडले, पण ती बोटं आता वळत नाहीत. चमचा धरताना ती दोन बोटं बाजूला पाहुण्यासारखी उभी असतात. एदितचा फोन आला तेव्हा मी ट्रकवर होतो. हातातल्या दाण्यांचा आकडा मी आधी लिहिला, बरोबर लिहिला, मग खाली उतरलो. नंतर गाळ्यात जाऊन उरलेल्या सात बाटल्या मीच ओल्या पोत्यात गुंडाळून उघडल्या. फेस छताला लागला. तो छतावरून माझ्या मानेवर ठिबकत होता आणि मला एकच विचार येत होता, बरं झालं, मी एकटाच आहे.

खोटं लिहिणं हा एक क्षण होता. त्याला मी क्षमा केली असती, मी स्वतःला बऱ्याच गोष्टी माफ करतो. पण हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी नील्दोनं वही मागितली. मी नेली. न नेण्याला कारण सापडलं नाही. त्यानं उजव्या हाताच्या बोटानं ओळी वाचल्या, एक हजार दहावर बोट ठेवलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, आकडा तर बरोबर आहे. म्हणजे साखर चुकली. माझ्याकडून दोनशे तीस गेली असणार, शंभराचं वजन मी दोनदा ठेवलं असणार. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर एक माणूस रुग्णवाहिकेचं चाक बदलत होता. चार नट. त्यातला एक गडगडत गेला, त्यानं तो पायानं अडवला. सुल्मा, नील्दोची बायको, म्हणाली की आता साखरेचं काय घेऊन बसलात, हात वाचला. नील्दो म्हणाला, तसं नव्हे. सोडेवाल्याच्या हातात बाटली फुटते म्हणजे काय. तेव्हा बोललो असतो तर एक वाक्य पुरलं असतं. चार नट बसेपर्यंत मी गप्प राहिलो, आणि मग ते वाक्य जड व्हायला लागलं.

डिसेंबरात गल्लीला विनोद मिळाला. नील्दो टेंपोतून उतरला की कुणीतरी ओरडायचं, सोडेवाला आला, आडोशाला व्हा. फारियास दुकानाच्या फळीमागं खाली वाकायचा. नील्दो हसायचा, मोठ्यानं, सगळ्यांच्या आधी. मी त्याच्या हसण्याकडं बघायचो, म्हणजे माझी खोड. ते दर आठवड्याला थोडं लवकर सुरू होत होतं. टोमणा अजून तोंडातच असायचा आणि हा हसून मोकळा. मग सुल्मानं एदितला सांगितलं की तो प्रत्येक सायफन भरल्यावर काट्यावर लावतो, एकदा, दोनदा, तीनदा, आणि तरी शेवटी अर्धी खोकी खाली उतरवून ठेवतो. आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जेवताना त्यानं स्वतःच सांगितलं की मशीन विकतोय. कासिल्दा गावचा एक माणूस गुरुवारी न्यायला येणार. ज्याला वीस लिटरात साखर किती ते कळत नाही, त्यानं लोकांच्या जेवणात दाबाच्या बाटल्या ठेवू नयेत, असं म्हणाला. एदित रडली. मी म्हणालो, नील्दो, नीट विचार कर. हे मी म्हणालो. माझ्या आवाजात समजूतदारपणा होता, तो मला अजून ऐकू येतो.

तर त्या मंगळवारी मी घरची बस सोडली आणि उलट्या दिशेच्या बसनं नील्दोच्या गाळ्यावर गेलो. तो मशीनचं पितळ घासत बसला होता, विकायची वस्तू माणूस घासतो तसं. एका हातानं घासायचं, दुसऱ्यानं नुसतं टेकवायचं. माते नावाच्या कडू चहाची नळी तोंडात होती. दाजी, गिऱ्हाईक बनून आलात का, असं त्यानं विचारलं. वाटेत मी तीन तऱ्हांनी सुरुवात ठरवली होती. त्यातली एकही आठवली नाही.

"जुलैत आकडा दहा नव्हता," मी म्हणालो. "वीस होता."

तो घासत राहिला. मला वाटलं त्यानं ऐकलं नाही.

"मग साखर?"

"साखर बरोबर होती. एकशे तीस. मी बघत होतो."

"तुम्ही बघत होता," तो म्हणाला.

फडकं त्यानं घडी करून मशीनवर ठेवलं. मी सांगत सुटलो: थंडी, क्लब, फारियास, वीस तारीख. आकड्यापुरतं सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की तो ओरडेल, आणि ओरडला असता तर मला फार बरं वाटलं असतं. त्यानं विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे. मी म्हणालो, आपल्या दोघांना. तो म्हणाला, म्हणजे कुणालाच नाही.

"बोटांचं सोडा," तो म्हणाला. "ती बाटली तुमच्याही हातात फुटली असती. पण दाजी, तीन महिने मी माझा हात घेऊन बसलोय, की हा माझा का दुसऱ्या कुणाचा. रात्रंदिवस तो तराजू आठवतोय. मला शंभराचं वजन दोनदा ठेवताना दिसतं, खरंच दिसतं. न ठेवलेलं वजन तुम्ही मला दाखवलंत. आणि लोक हसत होते तेव्हा तुम्ही पण हसत होता."

मी म्हणालो, आता मशीन विकू नकोस. तो म्हणाला, ते तुम्ही नका सांगू. कासिल्दाच्या माणसाला मी सोमवारी यायला सांगतो. मला एकट्याला सांगून काय होणार, मी काय गल्लीत पाटी लावून फिरू? रविवारी तुमच्याच अंगणात सगळे जेवायला आहोत. फारियासलाही बोलवा. सगळे बसल्यावर सांगा. मग त्यानं फडकं उचललं आणि परत घासायला लागला.

रविवारी मी पहाटेपासून जाळावर होतो. निखारे पसरणं, मांसाच्या पट्ट्या उलटणं, यात माणसाला पाठ करून उभं राहता येतं. एदितनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. फारियास आला तोच टेबलाखाली वाकत, की नील्दो कुठं बसलाय आधी सांगा. नील्दो हसला नाही. तेवढं माझ्या लक्षात आलं, आणखी कुणाच्या नाही. सगळे बसले, पहिला घास झाला आणि मी उभा राहून सांगितलं. आकडा खोटा होता, मी लिहिला, साखर बरोबर होती, हाताची चूक नव्हती. मी तर म्हणेन चांगलं बोललो.

फारियास हसायला लागला. "देल्फोर आणि खोटा आकडा," तो म्हणाला. "हा माणूस स्वतःचं वय विचारलं तर वर महिने सांगतो." मग तो थांबला, नील्दोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर एक असा भाव आला की मला पळून जावंसं वाटलं. त्याला कळलं होतं, म्हणजे चुकीचं कळलं होतं. सुल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, भाऊजी, यांचं मशीन वाचावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय, एवढं कोण करतं. मी म्हणालो, घेत नाहीय, माझंच आहे. त्यानं ती जास्तच हेलावली. वहीत तर दहाच आहे, ती म्हणाली, मी स्वतः हॉस्पिटलात वाचलंय. एदित माझ्यामागं उभी होती, सॅलडचं भांडं घेऊन. ते तिनं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत असा हात पाचसहा वेळा ठेवला असेल. तो उबदार होता. फारियास म्हणाला की आजपासून मी नील्दोला चिडवणार नाही, देल्फोरखातर. माझ्याखातर. मी नुसता खाली बसलो असतो तर सांगितल्याचं पुण्य मिळालं असतं, आणि वर न केल्याचंही. नील्दो मात्र होता तिथंच राहिला असता, फक्त आता त्याची सगळ्यांना दया आली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि त्यानंतरही दोन-तीन क्षण मी त्या हाताखाली उभा होतो. तेवढे मी मोजले.

नील्दो पावाचा तुकडा मोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"अजून काही आहे का, दाजी?"

होतं. ते मी गाळ्यात त्यालाही सांगितलं नव्हतं, आणि मनातल्या मनातही त्याच्या कडेकडेनंच गेलो होतो. काटा सोडायला नळीभर बिअर काढावी लागते, आणि आकडा वाचून झाला की ती नळीतली बिअर नेहमी नील्दो प्यायचा. दरवेळी. मी आकडा सांगायचो, तो चव सांगायचा, ते आमचं ठरलेलंच होतं. त्या सकाळी तो बाहेर अंगणात बाटल्या धूत होता. मी वीस वाचला आणि ती बिअर चाखली. गोड होती. सरबतासारखी गोड, आंधळ्या माणसालाही कळली असती. नील्दोनं एक घोट घेतला असता तर बाटल्या भरल्याच नसत्या. मी ती मोरीत ओतली, नळी विसळली, आणि चूळ भरली. तो आत येऊन म्हणाला, माझा घोट कुठाय. मी म्हणालो, हातातून निसटली, सगळी फरशीवर सांडली.

हे मी तसंच सांगितलं, चूळ भरल्यासकट. फारियासनं पेला टेबलावर ठेवला. कुणाचं तरी नाव घालवायला रचलेली गोष्ट इतकी बारीक नसते, आणि कुणाला वाचवायला रचलेली तर नसतेच. हे त्याच्यासारख्या रोज माणसं बघणाऱ्याला कळलं असावं. सुल्मा माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण ते आता माझ्यासाठी नव्हतं. नील्दो पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडं बघत होता.

मागून एदितचा आवाज आला. ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती.

"त्या सकाळी मी पुसायला फडकं घेऊन आले होते तेव्हा," ती म्हणाली. "फरशी कोरडी होती."

जाळावर चरबीचा एक थेंब पडला आणि चुरचुरला. नील्दो सुल्माला म्हणाला, कासिल्दाच्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हणावं. ती उठून आत गेली. फारियासनं माझ्यापुढची ताटली उगाचच थोडी सरकवली, मग परत होती तिथं ठेवली. खांद्यावर एदितचा हात नव्हता. तो कधी उचलला गेला, ते मला सांगता येणार नाही.